युरियाच्या कारखान्याचा अखेरचा विभाग

सकाळी गोठ्याचे दार उघडताच नाकास झोंबणारा जो उग्र दर्प येतो, तो शेतकऱ्यास नवा नाही. गोमूत्रातील युरियाचे विघटन होऊन अमोनिया वायू निर्माण होतो, त्याचाच तो दर्प होय. ज्या नत्रासाठी आपण पैसे मोजून वरखत आणतो, तेच नत्र तेथे डोळ्यांदेखत हवेत उडून जात असते. असाच प्रकार आपल्या उभ्या पिकात दरवर्षी घडतो, पण उघड्या रानात वास पसरून जातो म्हणून तो ध्यानात येत नाही.

१८२८ साली व्होलर या जर्मन शास्त्रज्ञाने अमोनियम सायनेटपासून युरिया तयार केला. तोवर हा पदार्थ सजीवांच्या शरीरातच होऊ शकतो अशी समजूत होती. सेंद्रिय पदार्थ कृत्रिम रीतीने बनविण्याच्या शास्त्राचा आरंभ पुष्कळजण तेथूनच मानतात. गोठ्यातील युरिया आणि पोत्यातील युरिया यांत रासायनिकदृष्ट्या तिळमात्र भेद नाही. म्हणून, पोत्यातील तेवढा ‘रासायनिक’ म्हणून विषारी, हा वाद आम्हांस निष्फळ वाटतो. वाद घालावयाचाच तर तो नासाडीविषयी घालावा.

कारखान्यात या नासाडीविरुद्ध केवढा बंदोबस्त असतो ते पाहण्यासारखे आहे. नैसर्गिक वायूपासून मिळविलेला हायड्रोजन व हवेतील नत्र यांचा संयोग प्रचंड दाबाखाली, लोहयुक्त उत्प्रेरकावर घडवून अमोनिया करतात. हाबर यांनी शोधलेली ही कृती बॉश यांनी १९१३ साली जर्मनीत ओपाऊ येथे कारखान्याच्या प्रमाणावर आणली. एका फेऱ्यात वायूंचा लहानसाच भाग अमोनियात रूपांतरित होतो. तो थंड करून वेगळा काढतात व उरलेला वायू पुन्हा आत धाडतात. पुढे अमोनिया व कार्बन डायऑक्साइड यांपासून, वातावरणाच्या सुमारे दीडशे ते दोनशे पट दाबाखाली व १८० अंश सेंटिग्रेडच्या आसपास युरिया होतो. येथेही सर्व माल एकदम तयार होत नाही. जो अमोनिया शिल्लक राहतो, तो प्रारंभीच्या कारखान्यांत दुसऱ्या वरखताकडे वळवीत असत. पुढे यंत्ररचनाकारांनी तो संपूर्ण परत फिरविण्याची योजना बसविली. युरिया बनविण्याच्या यंत्रशास्त्राचा बराचसा इतिहास म्हणजे हा उरलेला अमोनिया हातचा न जाऊ देण्याचा इतिहास आहे. आपल्या ट्रॉम्बे व थळ येथील कारखान्यांनाही हेच करावे लागते.

एवढ्या जपणुकीने भरलेल्या ४५ किलोच्या पोत्यात शेकडा ४६ प्रमाणे सुमारे २०.७ किलो नत्र असते. ते शेतात येते आणि बहुधा निम्म्याहून कमीच पिकाच्या पदरी पडते. युरिया पृष्ठभागावर फेकला की जमिनीतील युरिएज नावाचे विकर थोड्याच दिवसांत त्याचा अमोनिया करते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तो अधिक सहज उडून जातो. भातखाचरातील साचलेल्या पाण्यात फेकला तरी तीच गत होते. निंबोळीचा लेप २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सर्व युरियास सक्तीचा झाला, तेव्हापासून ‘आता वर टाकला तरी चालतो’ असे पुष्कळजण म्हणतात. हा समज चुकीचा आहे. लेपामुळे अमोनियाचे नायट्रेट होण्याची क्रिया मंदावते. वर पडलेल्या दाण्यातून अमोनिया उडण्यास त्याचा अटकाव होत नाही.

तेव्हा युरिया मातीआड करावा, ही शिफारस जुनीच आहे. कोळपणीपूर्वी ओळीशेजारी देऊन कोळप्याने झाकावा, अथवा दिल्याबरोबर पाणी सोडून तो खाली उतरवावा. भातात चार चुडांच्या मध्यभागी ब्रिकेट खोचावी. हे आम्ही वर्षानुवर्षे लिहीत आलो आणि शेतकरी ऐकत नाहीत अशी तक्रारही करीत आलो. ही तक्रार अर्धीच खरी आहे. ब्रिकेट खोचावयास माणसे लागतात आणि लावणीच्या दिवसांत मजुरी परवडत नाही. दोन-तीन हप्त्यांत द्या असे सांगणे सोपे आहे. परंतु दुसऱ्या हप्त्याच्या वेळी गावात पोते मिळेल याची ज्यास खात्री नाही, तो हाती आलेले सर्व पोते एकदमच रिकामे करणार. त्यास अडाणी कसे म्हणावे? भरीस भर म्हणजे अनुदानामुळे युरिया इतका स्वस्त आहे की वाया गेलेल्या नत्राची किंमत शेतकऱ्याच्या खिशास जाणवत नाही, ती सरकारी तिजोरीतून जाते.

आमच्या मते शेत हा युरियाच्या कारखान्याचा अखेरचा विभाग आहे, आणि तेवढाच विभाग रचनाकारावाचून राहिला आहे. बियाण्याबरोबर खत मातीत पेरणाऱ्या पाभरीसाठी जसे साहाय्य मिळते, तसे उभ्या पिकात वरखत गाडणाऱ्या अवजारासही मिळावे. गावोगावच्या सोसायट्यांनी दुसऱ्या हप्त्याचा युरिया पहिल्याबरोबरच नोंदवून घ्यावा, आणि ज्वारी-मका गुडघाभर होण्यापूर्वी तो गोदामात येऊन पडलेला असावा.