मणिबेलीचे कूड आणि आपले स्लॅब

ऊर्जेची बचत करणारे घर कसे बांधावे, याची चर्चा आता शासनदरबारीही होऊ लागली आहे. निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ २०१८ साली आली. भिंती, छप्पर व खिडक्यांतून घरात शिरणाऱ्या उष्णतेचा तिच्यात विचार आहे. तो स्वागतार्हच आहे. परंतु घरात येणारी वीज कोणाच्या चुलीवरून पाणी वाहवून आली, हा प्रश्न अशा हिशेबात येत नाही. म्हणून आम्हांला मणिबेली आठवते.

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील हे नर्मदाकाठचे आदिवासी गाव. महाराष्ट्रात सरदार सरोवराच्या पाण्याने प्रथम गाठले ते याच गावाला, १९९३ च्या पावसाळ्यात. येथील पारंपरिक घर म्हणजे सागाचे खांब, शेणमातीने लिंपलेले बांबूचे कूड आणि वर मातीची कौले. कुडातून वारा खेळतो, तापलेली हवा कौलांच्या फटींतून निघून जाते. सामान जवळच्या रानातले, बांधणारे हात घरचे नि शेजारचे. अशा घरांतून उठलेल्या अनेकांच्या वाट्याला पुनर्वसनात प्रथम पत्र्याच्या शेड आल्या! धरणाची वीजक्षमता १,४५० मेगावॅट. तीत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. आपल्या घरातील दिव्यातही तिचा अंश असू शकेल.

जुन्या घराचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. त्यात धूर होता, अंधार होता. वीज त्या लोकांनाही हवीच होती. धडगाव तालुक्यातील बिलगावकरांनी तर २००३ साली श्रमदान करून धबधब्यावर १५ किलोवॅटचा स्वतःचा जलविद्युत प्रकल्प उभारला. २००६ च्या पावसाळ्यात तोही पाण्याने नेला.

पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या परिपत्रात अपायकारक सवयींचे उदाहरण म्हणून वातानुकूलन यंत्राचा वाढता वापर निवडला, तो उगीच नव्हे. आपल्या धर्मग्रामांतही कौले उतरली आणि स्लॅब चढले. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता खाली सोडतो; मग एसी अपरिहार्य वाटू लागतो. घराच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेस, समोरासमोर खिडक्या, त्यांवर छज्जे, पश्चिमेला एखादे झाड, गच्चीवर पांढरा चुना, यांत खर्चिक असे काय आहे? पण आपली नवी सभागृहेदेखील बंद काचांची होत आहेत. आराखडा मंजूर करताना ‘वारा कोणत्या बाजूने येतो?’ असे पॅरिश कौन्सिलच्या सभेत कोणी विचारल्याचे आम्ही क्वचितच ऐकले आहे.