चाळणीची प्रतिष्ठा

गेल्या वर्षी जून महिन्यात पुण्याहून एका जुन्या सहकाऱ्यांचा दूरध्वनी आला. त्यांच्या नातीला चेन्नईतील दोन खासगी महाविद्यालयांत बी. ए. साठी प्रवेश मिळण्यासारखा होता. केंद्र सरकारच्या नोकरीत मी काही वर्षे चेन्नईत काढली असल्यामुळे सल्ला माझ्याकडे मागितला गेला. ते म्हणाले, "दोघांपैकी अधिक प्रतिष्ठेचे कोणते? म्हणजे प्रवेश मिळणे जास्त कठीण कुठे आहे?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असे त्यांच्या मनातही आले नाही.

मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. याचे कारण असे की, हाच प्रश्न मला पूर्वी एकदा विचारला गेला होता. तेव्हा मी चटकन उत्तर देऊन मोकळा झालो, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या मुलीला मोजावी लागली.

ही २००८ सालची गोष्ट. माझ्या कार्यालयातील एका शिपायाची मुलगी बारावी झाली होती. घराण्यात कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते. तामिळनाडूने अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा २००७ पासून बंद केली होती. बारावीचे गणिताचे १०० आणि भौतिक व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० असे २०० पैकी गुण काढून क्रमवारी लागे, आणि अण्णा विद्यापीठाच्या गिंडी येथील आवारात एक खिडकी पद्धतीने समुपदेशन होई. आज ते सारे संगणकावर घरबसल्या होते. त्या काळी मात्र जिल्ह्याजिल्ह्यांतून आईबाप मुलांना घेऊन, कागदपत्रांच्या पिशव्या सांभाळत तेथे येत. सभागृहातील पडद्यावर महाविद्यालयांची नावे आणि शिल्लक जागा दिसत, आणि पाहता पाहता एकेक आकडा शून्यावर येई. शिपायाने मला सोबत येण्याची विनंती केली. "सार, तुम्ही असलात म्हणजे धीर येईल," एवढेच तो म्हणाला.

मुलीचा क्रमांक आला तेव्हा तिला हव्या असलेल्या शाखेत तिच्या आवाक्यातील दोन विनाअनुदानित महाविद्यालये उरली होती. बापाने मला दोन प्रश्न विचारले. पहिला, तिथे बस जाते का? दुसरा, तिथे शिरलेली मुले पास होऊन बाहेर पडतात का? पहिल्याचे उत्तर मला माहीत होते. दुसऱ्याचे उत्तर त्या सभागृहात कोणाजवळच नव्हते. मी गेल्या वर्षीच्या याद्या पाहिल्या आणि अधिकारवाणीने सांगितले, "हे महाविद्यालय गेल्या वर्षी आधी भरले. कट-ऑफ जास्त आहे. म्हणजे चांगलेच असणार." मुलीने तेच घेतले.

अनुत्तीर्ण विषयाला चेन्नईत 'अरियर' म्हणतात. चार वर्षे संपली तेव्हा त्या मुलीच्या नावावर नऊ अरियर होते. इंग्रजी माध्यमाशी तिची गाठ प्रथमच पडत होती, शिकवणारे दर सहामाहीस बदलत होते, आणि मागे पडलेल्या मुलांकडे कोणी पाहत नव्हते. पदवी हाती येण्यास आणखी दीड वर्ष गेले. तेवढे दीड वर्ष आईचे दागिने गहाण राहिले. दुसऱ्या महाविद्यालयात गेली असती तर वेगळे घडले असते, असा माझा दावा नाही. माझा मुद्दा एवढाच की, ज्या आकड्यावर मी विसंबलो तो आकडा बापाच्या प्रश्नाचे उत्तरच नव्हता.

कट-ऑफ म्हणजे काय? आत शिरलेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचे गुण. ते गुण त्याने आपल्या शाळेत, आपल्या शिक्षकांकडून आणि आपल्या घरच्या परिस्थितीतून मिळवलेले असतात. महाविद्यालयाने त्याला अद्याप एक अक्षरही शिकवलेले नसते. प्रशासनात आपण खर्चालाच फलनिष्पत्ती समजू नये असे सांगत असतो. अमुक इतके सिमेंट वापरले म्हणजे पूल चांगला झाला, असे कोणी अभियंता म्हणू लागला तर आपण त्याला जाब विचारू. महाविद्यालयांच्या बाबतीत मात्र सिमेंटच्या प्रतीवरून पुलाला प्रमाणपत्र देण्याची आपल्याला सवय झाली आहे.

प्रवेश नाकारलेल्यांच्या संख्येवरून मोठेपण ठरवणे तर याहून फसवे आहे. एक साधा हिशेब पाहू. एका शहरात पाच महाविद्यालये आहेत, प्रत्येकात २०० जागा आहेत, आणि विद्यार्थी बरोबर १,००० आहेत. प्रत्येक विद्यार्थी पाचही ठिकाणी अर्ज करतो. आता प्रत्येक महाविद्यालय खुशाल सांगू शकते की, आम्ही पाचांतून एकच निवडतो. प्रत्यक्षात एकही मूल प्रवेशावाचून राहिलेले नसते. चेन्नईतील कला व विज्ञान शाखांच्या नामवंत खासगी महाविद्यालयांत प्रत्येकाचा अर्ज वेगळा असतो. साहजिकच पालक पाच-सहा ठिकाणी अर्ज भरतात, आणि एकच मूल पाच-सहा महाविद्यालयांच्या लोकप्रियतेत मोजले जाते. एक खिडकीबाहेर राहून स्वतःची प्रवेश परीक्षा घेणाऱ्या अभिमत विद्यापीठांनाही हाच हिशेब लागू पडतो. अमेरिकेत 'यू. एस. न्यूज' या प्रकाशनाच्या प्रसिद्ध क्रमवारीतून प्रवेश देण्या-नाकारण्याचे प्रमाण २०१८ साली वगळण्यात आले. आपल्या केंद्र सरकारने २०१६ पासून सुरू केलेल्या राष्ट्रीय क्रमवारीत अध्यापन, संशोधन, पदवीचे फलित, समावेशकता असे निकष आहेत, ही चांगली गोष्ट आहे. परंतु तिथेही १० टक्के गुण लोकांच्या मनातील प्रतिमेला आहेत. म्हणजे प्रतिष्ठेमुळे क्रमांक वर जातो, क्रमांकामुळे चांगले गुण असलेली मुले येतात, मुले मुळातच हुशार असल्याने निकाल चांगला लागतो, आणि त्या निकालाने प्रतिष्ठा पुन्हा वाढते. या सगळ्या फेऱ्यात वर्गात काय शिकवले गेले, हा प्रश्न कुठेच विचारावा लागत नाही.

'खासगी' या शब्दाचाही थोडा विचार केला पाहिजे. लोयोला (१९२५), मद्रास ख्रिश्चन कॉलेज, स्टेला मॅरिस (१९४७) ही चेन्नईतील मान्यवर खासगी महाविद्यालये. परंतु त्यांच्या अनुदानित तुकड्यांतील प्राध्यापकांचे पगार राज्य सरकार देते. त्याच आवारात विनाअनुदानित तुकड्याही चालतात. तिथे फी जास्त असते आणि शिक्षकांचे वेतन संस्था देते. आपल्याकडे पुण्या-मुंबईतही हेच चित्र आहे. फाटक एक, नाव एक, पण आतील व्यवस्था दोन. मग ज्या प्रतिष्ठेची आपण तुलना करतो ती कोणत्या तुकडीची? आणि ज्या नावलौकिकामागे अनेक वर्षांचा सरकारी पैसा आहे, त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार करदात्याला नाही काय?

या संस्थांचा लौकिक सुरुवातीस कसा झाला, हेही पाहण्यासारखे आहे. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे मूळ जॉन अँडरसन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३७ साली काढलेल्या शाळेत आहे. पुढच्याच वर्षी अस्पृश्य मानलेल्या जातीतील मुलांना वर्गात बसवल्यावरून वादळ उठले आणि सवर्ण पालकांनी आपली मुले काढून घेतली. अँडरसन मागे हटले नाहीत. शाळेचे नाव त्यानंतरही वाढत गेले. धर्मप्रसाराचा त्यांचा हेतू बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. कोणाला बाहेर ठेवले यावर तो लौकिक उभा नव्हता.

चाळणी किती चुकू शकते, याचा दाखला याच शहरात आहे. पचैयप्पा महाविद्यालयात १९०६ साली दाखल झालेला एक विद्यार्थी एफ. ए. ची परीक्षा उत्तीर्ण होऊ शकला नाही, कारण गणित सोडून इतर विषयांत त्याचे मनच नव्हते. त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन. पुढे १९१३ साली मद्रास विद्यापीठाने त्याला पदवी नसतानाही संशोधनासाठी शिष्यवृत्ती दिली. नियमांवर बोट न ठेवता माणूस पाहणारे कोणी तरी विद्यापीठात होते म्हणून हे घडले. प्रत्येक नापास विद्यार्थी रामानुजन नसतो, हे मलाही कळते. परंतु चाळणीच्या खाली पडले ते सारे फोलपट, हे गृहीत धरणे चुकीचे आहे.

आता प्रशासनाकडे वळतो. महाराष्ट्रात १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तंत्रशिक्षणाचे दार उघडले. पाठोपाठ तामिळनाडूतही स्वयंअर्थसहाय्यित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. त्यानंतरची आमची सगळी शक्ती दारावरच खर्च झाली आहे. देणगीवर बंदी घालणारे कायदे महाराष्ट्रात १९८७ साली आणि तामिळनाडूत १९९२ साली झाले. सर्वोच्च न्यायालयात मोहिनी जैन (१९९२), उन्नीकृष्णन (१९९३), टी. एम. ए. पै (२००२), इस्लामिक अकादमी (२००३) आणि इनामदार (२००५) असे निकाल लागले. त्यानंतर घटनादुरुस्ती झाली. तामिळनाडूत खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या ६५ टक्के आणि अल्पसंख्याक संस्थांच्या ५० टक्के जागा एक खिडकीत आल्या. हे सारे आवश्यक होते. त्याविना शिपायाची मुलगी त्या सभागृहात पोचलीच नसती. पण वाद सदैव आत कोणाला घ्यावे आणि किती पैशांत घ्यावे, एवढ्यावरच राहिला. आत गेलेल्याचे पुढे काय झाले, यासाठी कोणी न्यायालयात गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

उपाय अवघड नाही, आणि त्याला नवा कायदाही नको. प्रवेशाच्या वेळचे गुण एक खिडकीमुळे शासनाजवळ असतातच. अण्णा विद्यापीठ संलग्न महाविद्यालयांच्या निकालाची टक्केवारी प्रसिद्ध करते. घरातील पहिल्या पदवीधराला तामिळनाडू सरकार २०१० पासून शिक्षणशुल्कात सवलत देते, आणि त्यासाठी महसूल खात्याकडून दाखला घ्यावा लागतो. तेव्हा असे विद्यार्थी कोणते, हेही शासनाला ठाऊक असते. हे तीन कागद तीन दफ्तरांत आहेत. ते एकत्र आणून प्रत्येक महाविद्यालयापुढे तीन आकडे लिहावेत. आत आलेल्यांचे सरासरी गुण किती होते, त्यांतील किती जण ठरल्या मुदतीत पदवी घेऊन बाहेर पडले, आणि पहिल्या पदवीधरांपैकी किती जण. ज्या महाविद्यालयात १९० गुणांची मुले येतात आणि जवळजवळ सगळी पास होतात, त्याचे कौतुक जरूर करावे. पण जिथे १३० गुणांची मुले येतात आणि त्यांतील बहुतेक वेळेवर पदवीधर होतात, त्याला आजच्या यादीत जागाच नाही. माझ्या मते शिक्षणाचे खरे काम तिथे झालेले असते.

यावर आक्षेप येतील. लोयोला आणि मद्रास ख्रिश्चन कॉलेज यांच्यासारख्या १९७८ पासून स्वायत्त असलेल्या महाविद्यालयांची परीक्षा त्यांची स्वतःची असते, तेव्हा एकाची टक्केवारी दुसऱ्याशी जुळवता येणार नाही, हे मान्य. तिथे मुदतीत पदवी आणि मधूनच गळालेले विद्यार्थी एवढेच आकडे घ्यावेत. आकडे प्रसिद्ध होऊ लागले की परीक्षा सोप्या होतील, हाही धोका आहे. त्यासाठी अधूनमधून बाहेरच्या परीक्षकांकडून उत्तरपत्रिकांची तपासणी करता येईल. कोणताही आकडा अचूक नसतो. पण चुकीच्या प्रश्नाच्या अचूक उत्तरापेक्षा योग्य प्रश्नाचे अंदाजे उत्तर प्रशासनाला अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

दोन दिवसांनी मी सहकाऱ्यांना फोन केला. त्यांना सांगितले की, दोन्ही महाविद्यालयांत स्वतः जाऊन या आणि तीन गोष्टी विचारा. तीन वर्षांपूर्वी आलेल्यांपैकी किती मुली यंदा पदवी घेऊन निघाल्या? पहिल्या वर्षाच्या वर्गावर कायम प्राध्यापक किती आहेत? आणि पहिल्या सहामाहीत एखादी मुलगी नापास झाली तर तिच्यासाठी तुम्ही काय करता? ते गेले. एका ठिकाणी त्यांना माहितीपुस्तिका मिळाली. दुसऱ्या ठिकाणी एका प्राध्यापिका अर्धा तास बसून बोलल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी उदाहरणे देऊन दिले. नात आता तिथे शिकते आहे.

हा तिसरा प्रश्न माझा नव्हे. तो २००८ साली त्या सभागृहात एका शिपायाने मला विचारला होता, आणि मी त्याचे उत्तर दिले नव्हते.