न्यास मोडला की समीकरण मोडते

१/
भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात बरोबरचे चिन्ह नाही, तरी समीकरणे मात्र पानोपानी आहेत. मग हे दोन पक्ष समान आहेत, असे ग्रंथ कुठे सांगतो? आजचा धागा त्या जागेविषयी आहे. सोबत एक तक्रारही आहे: जुने गणितग्रंथ संगणकावर उतरवताना आपण नेमकी तीच जागा पुसून टाकत आहोत.

२/
एकवर्ण समीकरणाचे प्रसिद्ध उदाहरण घ्या. एकाजवळ ६ घोडे आणि ३०० रूपे (नाणी समजा). दुसऱ्याजवळ १० घोडे, पण त्याच्यावर १०० रूपांचे ऋण. सर्व घोडे एकाच किमतीचे आणि दोघांचे धन समान; तर घोड्याचे मोल किती? ग्रंथातील मांडणी, म्हणजेच ‘न्यास’, असा:

या ६ रू ३००
या १० रू १००•

‘या’ म्हणजे यावत्तावत्, अर्थात अज्ञात राशी. ‘रू’ म्हणजे रूप, ज्ञात संख्या. ऋणसंख्येच्या डोक्यावर बिंदू देण्याची रीत होती. इथे तो डोक्यावर नीट बसत नाही, म्हणून मी अंकापुढे ठेवला आहे. (ही अडचण लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचे आहे.)

३/
वरची ओळ हा एक पक्ष, खालची ओळ हा दुसरा. एकाखाली एक मांडणे हेच ‘समान’ म्हणणे. दोन समांतर रेघांचे आजचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ साली छापले. ‘सिद्धान्तशिरोमणी’ शके १०७२ चा, म्हणजे इ. स. ११५० चा. मधली चार शतके आपले गणिती चिन्हावाचून अडून बसलेले नव्हते. या-खाली या आणि रू-खाली रू आले की ‘शोधन’ उभ्या वजाबाकीने होते. एकीकडे या ४ उरतात, दुसरीकडे रू ४००, आणि घोडा १०० रूपांचा ठरतो.

४/
यापुढचे उदाहरण मला अधिक प्रिय आहे. भुंग्यांचा एक थवा आहे. त्याच्या निम्म्याच्या वर्गमूळाइतके भुंगे मालतीकडे गेले, थव्याचे आठ-नवमांशही गेले, आणि शेवटी एक जोडपे उरले. थवा २ याव (अव्यक्ताच्या वर्गाची दुप्पट) मानून छेद काढले की न्यास असा येतो:

याव १८ या ० रू ०
याव १६ या ९ रू १८

वरच्या ओळीतील दोन शून्ये पाहा. मूल्याच्या दृष्टीने ती निरुपयोगी आहेत. आज आपण ती लिहिणारही नाही. तरी ती आहेत, कारण खालच्या ९ ला आणि १८ ला डोक्यावर जोडीदार हवा. स्तंभ मोडू नये म्हणून शून्य तिथे उभे आहे. (उत्तर ७२. निम्मे ३६, त्याचे मूळ ६, आठ-नवमांश ६४, उरले २.)

५/
अज्ञात राशी अनेक असल्या की त्यांना रंगांची नावे मिळतात: काळक, नीलक, पीतक, लोहितक. चार माणसांजवळ घोडे, उंट, खेचरे आणि बैल आहेत, आणि चौघांचे धन समान आहे:

या ५ का २ नी ८ पी ७
या ३ का ७ नी २ पी १
या ६ का ४ नी १ पी २
या ८ का १ नी ३ पी १

पूर्णांकांतील सर्वांत लहान उत्तर: घोडा ८५, उंट ७६, खेचर ३१, बैल ४. प्रत्येकाचे धन ८५३. चारही ओळी पडताळून पाहा, पाच मिनिटांचे काम आहे. मात्र या चार ओळी सलग एका ओळीत लिहून तेच काम करून पाहिलेत, तर मी कशाविषयी बोलत आहे ते कळेल.

६/
हस्तलिखितांत लेखनिक कागद वाचवत, तरीही न्यासाभोवती चौकट आखण्याची रीत अनेक पोथ्यांत दिसते. पुढे मुद्रण आले. शिळाछापाला ही मांडणी सोपी होती, कारण हाताने जे लिहिले तेच शिळेवर उमटे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत मराठी पंचांग शिळेवर छापले. पंचांग म्हणजे तरी काय, स्तंभच स्तंभ. शिशाच्या खिळ्यांनी काम अवघड केले. खिळे आडव्या ओळीत जुळतात. दोन ओळींतील अंक नेमके एकाखाली एक आणायचे, तर जुळाऱ्याला मधल्या रिकाम्या जागाही शिशाने भराव्या लागत. पुण्याच्या आनंदाश्रमाने १९३० साली कृष्ण दैवज्ञांच्या ‘नवांकुर’ टीकेसह ‘बीजगणित’ छापले, ते या खिळ्यांच्या युगात. ती रिकामी जागासुद्धा कोणाच्या तरी बोटांनी बसवलेली आहे.

७/
आता माझी फजिती. सुट्टीत नांदूरघाटला घरी बसून प्रबंधाचे एक प्रकरण टंकित केले. स्तंभ जुळवले ते मोकळ्या जागेची कळ दाबून दाबून. पडद्यावर सारे देखणे दिसत होते. छापील प्रत काढायला गेलो, तर त्या दुकानातील संगणकावर माझा फाँट नव्हता. स्तंभ सरकले, आणि शंभराच्या डोक्यावरचा बिंदू नाहीसा झाला. मी न पाहता प्रत मार्गदर्शकांकडे पाठवली. त्यांनी एकच प्रश्न विचारला: घोडा पन्नासचा की शंभरचा?

८/
प्रश्न रास्त होता. बिंदू गेला की ऋणाची शिल्लक होते. मग ६ घोडे आणि ३०० = १० घोडे आणि १००; घोडा ५० चा. ताळाही जुळतो, दोन्हीकडे ६००! चुकीचे उत्तर इतके नीटनेटके येते की शंका येऊ नये. खाली मी शब्दांत ‘शंभर’ लिहिले होते, म्हणून पकडलो गेलो.

(बीडचा आहे म्हणून विचारले जाते: भास्कराचार्यांचे ‘विज्जडविड’ म्हणजे आमचे बीड ना? असा दावा आहे खरा. पण ग्रंथकार आपले गाव सह्याद्रीलगतचे सांगतात, आणि त्यांचे नातू चांगदेव यांच्या मठाचा, भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणचा. जिल्ह्याच्या अभिमानापोटी मी पुरावा वाकवणार नाही.)

९/
माझी चूक एका प्रतीपुरती होती. परंतु ग्रंथ युनिकोडमध्ये उतरवताना न्यासाच्या ओळी जोडून टाकल्या, तर काय उरते?

या ६ रू ३०० या १० रू १००

बरोबरचे चिन्ह मुळात नव्हते, ओळ बदलणे हेच ते चिन्ह होते. ओळ गेली की समीकरणच गेले. उरली चार पदांची एक निरर्थक रांग. श्लोकाच्या ओळी जोडल्या तर छंद ओळखणारा त्या पुन्हा तोडू शकतो. न्यासाला छंद नसतो.

१०/
‘आशय महत्त्वाचा, मांडणी गौण, आधुनिक चिन्हांत लिहा की’, असे काही मित्र म्हणतात. अर्थ समजावताना जरूर लिहावे, मीही लिहितो. पण मूळ पाठ म्हणून ते देता येणार नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला उत्तर १०० आहे एवढेच नको असते. बाराव्या शतकातील माणूस ते कसे पाहत होता, हे हवे असते.

११/
साधने नाहीत, ही सबबही चालणार नाही. १९७७ मध्ये डोनाल्ड क्नुथ यांनी आपल्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग’च्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहिली, अक्षरजुळणी पाहून ते निराश झाले आणि स्वतःच ‘टेक’ ही प्रणाली रचायला बसले. तिच्यावर उभ्या असलेल्या ‘लाटेक’मध्ये ‘अलाइन’ नावाची रचना आहे. प्रत्येक ओळीत बरोबरच्या चिन्हाआधी & टाकला की ती चिन्हे एका उभ्या रेषेत येतात. समीकरण लांबले तर अधिक-उणेच्या आधी तोडावे आणि पुढची ओळ बरोबरच्या उजवीकडून सुरू करावी. (जुने ‘ईक्यूएनअ‍ॅरे’ वापरू नका, ते बरोबरच्या दोन्ही अंगांना नको इतकी जागा सोडते.) भास्कराचार्यांच्या न्यासाला मात्र जुळवणीची एक रेषा पुरत नाही, प्रत्येक पदाला स्वतंत्र स्तंभ लागतो. त्यासाठी ‘अ‍ॅरे’ घ्यावी.

१२/
जे मित्र पोथ्या आणि जुनी पुस्तके टंकित करत आहेत, त्यांना एवढीच विनंती. न्यास दिसला की कळ दाबून जागा सोडू नका, सारणी करा. शून्ये ‘अनावश्यक’ म्हणून गाळू नका. ऋणबिंदू फाँटच्या भरवशावर सोडू नका. निराळी खूण ठरवा आणि ती प्रस्तावनेत नोंदवा. मूळ पानाचे छायाचित्र शेजारी ठेवा. माझ्या प्रकरणातील सगळे न्यास मी पुन्हा मांडत आहे. अकरा झाले, भुंग्यांचा अजून बाकी आहे.