‘जेवलास का’ याच्या पुढचं

हा अंक घरात येईल त्या सुमारास वसतिगृहातली मुलंही दिवाळीला घरी आलेली असतील. दारात बॅग, मशीनजवळ मळक्या कपड्यांचा ढीग, पुढ्यात फराळाचं ताट आणि आईचं ठरलेलं वाक्य, “किती वाळलास रे!” एरवी ज्यांच्याशी फोनवर ‘जेवलास का’ आणि ‘पेपर कसा गेला’ एवढंच बोलणं होतं, ती मुलं चार दिवस समोर असतात. त्या चार दिवसांसाठी हे संपादकीय.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले, इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा आत्महत्या रोखण्यासाठी शिक्षणसंस्थांना जे निर्देश दिले, त्यांत पालकांना सोबत घेणंही आहे. मुलांवर अवाजवी दडपण आणू नये, मनाचा त्रास ओळखावा, समजून घ्यावं, यासाठी संस्थांनी पालकांचे कार्यक्रम नियमित घ्यायचे आहेत.

प्रत्यक्षात कॉलेजमधून घरी फोन जातो तो फी थकली किंवा हजेरी भरली नाही म्हणून. मुलगी पंधरा दिवस मेसला आली नाही म्हणून फोन गेल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. ‘ती सज्ञान आहे, तिची खासगी बाब आहे,’ असं उत्तर मिळतं. गोपनीयता मलाही हवी. तिच्याशिवाय कुठलं मूल समुपदेशकाचं दार ठोठावेल? पण २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही जिवाला धोका असेल तर तो टाळण्यापुरती माहिती देण्याची वाट डॉक्टरांना मोकळी ठेवली आहे. शिवाय काही मुलांना धास्ती असते ती घराचीच. मार्कांची, परजातीतल्या प्रेमाची, वडिलांनी काढलेल्या कर्जाची. म्हणून प्रवेशाच्या वेळीच मुलाला विचारून ठेवावं, ‘अडचण आली तर कुणाला बोलवू?’ त्या रकान्यात मामा, आत्या, थोरली बहीण, कुणाचंही नाव चालावं.

आणि घरी? झोप उडालेली, मित्र तुटलेले, जपलेल्या वस्तू वाटून टाकलेल्या, ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’ हे सारखं तोंडी, असं दिसलं तर सरळ विचारा, “जगणं नकोसं वाटतं का? मरणाचे विचार येतात का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे, अभ्यासकांनी ती पुन्हा पुन्हा तपासून पाहिली आहे. उत्तर ‘हो’ आलं तर गहाण टाकलेल्या जमिनीचा विषय काढू नका, शेजारच्या मुलाचा तर मुळीच नको. ऐकत बसा. एकटं सोडू नका, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत, मराठीतूनही बोलता येतं.

चार दिवसांत धीर झालाच नाही, तर भाऊबिजेनंतर त्याला एसटी स्टँडवर सोडायला स्कूटरवरून जा. स्कूटरवर डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. उत्तर यायला वेळ लागला तर स्टँडच्या पुढे निघून जा. गाडी सुटली तर सुटू द्या.