'मला प्राणी आवडतात' एवढ्यावर परदेशात व्हेट कॉलेजची ॲडमिशन का मिळत नाही?

महाराष्ट्रात जनावरांचा डॉक्टर व्हायचं तर नीट द्यायची. त्या मार्कांवर मेरिट लागतं, नागपूरच्या माफसूच्या यादीत नाव आलं की विषय संपला. मुलाखत वगैरे भानगड नाही. ब्रिटन आणि कॅनडातल्या अनेक व्हेट कॉलेजांत मात्र चांगले मार्क म्हणजे फक्त मुलाखतीचं बोलावणं.

ही मुलाखत म्हणजे मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू, थोडक्यात एमएमआय. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठानं मेडिकलसाठी ही पद्धत आणली, 2004 मध्ये त्यावर शोधनिबंध आला, पुढं व्हेट कॉलेजांनीही ती उचलली. दाराबाहेर प्रश्न लावलेला असतो. वाचायला एक-दोन मिनिटं, आत पाच-आठ मिनिटं, घंटा वाजली की पुढची खोली. प्रत्येक खोलीत नवा परीक्षक. एकाच पॅनलच्या मर्जीवर निकाल ठरू नये, हा हेतू. एक खोली बिघडली तरी पुढच्या परीक्षकाला त्याचा पत्ता नसतो.

प्रश्न कसे असतात? समजा, कुत्र्याचं ऑपरेशन करायचंय आणि मालकिणीकडं पैसे नाहीत. कधीकधी मालकीण म्हणून समोर चक्क कलाकार बसवतात. काही मुलं लगेच 'फुकट करू' म्हणतात, काही नियम ऐकवतात. दोन्ही फसतं. आधी कुत्र्याच्या वेदना थांबवायच्या, मग मालकिणीला बोलू द्यायचं. स्वस्त उपचार, हप्ते, पीडीएसएसारखी धर्मादाय संस्था, आणि काहीच जमलं नाही तर इंजेक्शन देऊन कुत्र्याला वेदनेतून सोडवणं, हे सगळं तिला समजेल असं मांडता यायला हवं. हा प्रश्न हवेतला नाही. ब्रिटनच्या कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटीनं 2024 मध्ये पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यांची रीतसर चौकशी सुरू केली, त्यात बिलांचा मुद्दा मोठा होता.

मग तयारी कशी करायची? पाठांतर तर अजिबात नको. घड्याळ लावून मोठ्यानं बोलायचं, आणि ऐकणाऱ्याला मध्येच अडवायला सांगायचं, 'मालकीण नाही म्हणाली तर?'

दवाखान्यात किंवा गोठ्यावर किती दिवस काम केलं, यापेक्षा तिथं काय पाहिलं ते विचारतात. इथं गावाकडच्या पोराची बाजू खरं तर भक्कम. दूध आटलेली गाय ठेवायची की विकायची, हा हिशोब त्यानं घरातच ऐकलेला असतो. तो फक्त इंग्रजीत, पाच मिनिटांत सांगता आला पाहिजे.

परदेशी उमेदवारांची मुलाखत काही कॉलेजं ऑनलाइनही घेतात. तेव्हा स्क्रीनशेजारी चिकटवलेली चिठ्ठी वाचणारे डोळे परीक्षकाला लगेच दिसतात.