भिंत पडली, पण कशानं?

सोयगाव तालुक्यात मातीच्या भिंतींची धाब्याची घरं आजही दिसतात. झड लागली की धाबं गळतं, ओल भिंतीत मुरते, तुळईचं टोक आतल्या आत कुजतं. मग एके रात्री भिंत बसते.

विमा काढलेल्यांनी इथंच सावध व्हावं. 2021 पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत वादळ, पूर, टाकी किंवा पाइप फुटणं ही कारणं लिहिलेली आहेत. वर्षानुवर्षांची ओल, कूज, वाळवी नाहीत. मातीचं घर चालतं का, हेही हप्ता भरण्याआधीच विचारा.

सरकारी मदत? 2022 च्या केंद्रीय निकषांत अंशतः पडलेल्या कच्च्या घराला 4,000 रुपये, तेही किमान 15 टक्के नुकसान असेल तर. एवढ्यात धड तुळई तरी येते का?

तेव्हा बांधवांनो, मृग लागायच्या आत धाब्यावर माती टाका, तुळया ठोकून पाहा, धडधाकट घराचे फोटो काढून ठेवा. पंचनामा करणाऱ्या अधिकाऱ्यांनीही ‘जुने घर पडले’ एवढंच लिहून मोकळं होऊ नये. पाऊस किती दिवस होता, पाणी कुठून शिरलं, हे जागेवर पाहून लिहावं. आणि विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा, सर्व्हेअर येईतो मलबा हलवू नका.