नाव पुसून गाणे वाटू नये

नेवाशात शके 1212, म्हणजे इ.स. 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ग्रंथाच्या अखेरीस शक, कर्ता आणि लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा यांची नोंद आहे. पुढे शके 1506 मध्ये एकनाथांनी पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी पदरची ओवी घालू नये, असे बजावले. कायदा नसतानाही नकलेची शिस्त होती. आज मोबाइलवरून गाणी धाडताना मात्र गीतकार-संगीतकारांची नावे उडतात आणि कोपऱ्यात भलत्याच चॅनेलचा शिक्का ठळक बसतो.

संतांची वाणी सर्वांचीच, असे उत्तर लगेच येते. शब्दांपुरते ते खरे. पण लता मंगेशकरांनी गायलेल्या पसायदानाची चाल हृदयनाथ मंगेशकरांची आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर 60 वर्षे संरक्षण आहे, तर चालीला संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे. शिवाय वारकऱ्यांनी अभंग मोकळ्या हाताने वाटले ते नाममुद्रेसकट. तुकोबांचे नाव गाळून कीर्तन होत नाही. फुकट प्रसिद्धी मिळते, हा दुसरा युक्तिवाद जरा लबाडच. नावच नसेल तर प्रसिद्धी कुणाची? अधिकृत दुवा पाठवला तर ऐकणाऱ्याचे काही अडत नाही आणि 2012च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना मिळालेला रॉयल्टीचा वाटाही बुडत नाही. बाजारात न मिळणाऱ्या जुन्या तबकड्यांचा प्रश्न खरोखर अवघड आहे. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या सगळ्यांची मुदत संपली असेल तर त्या जरूर ऐकवाव्यात. तबकडीचा क्रमांक, साल, साथीदार, जे सापडेल ते सोबत लिहून.